व्यायामाचे वेळापत्रक गावाने मांडावे

आपल्याकडे व्यायामाचा प्रसार बहुधा साहित्यापासून सुरू होतो. निधी मंजूर होतो, शाळेच्या आवारात रंगीत लोखंडी यंत्रांची खुली व्यायामशाळा उभी राहते, फीत कापली जाते. ती वापरणार कोण, चारचौघांच्या नजरेसमोर बायकांना तिथे जाववेल का, हे विचारायचे राहूनच जाते. बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरसारख्या गावात हे काम उलट्या टोकाने व्हावे, आराखडा आखतानाच गावकरी आणि तज्ज्ञ एकत्र बसावेत, असे माझे म्हणणे आहे. यात गावाचा मान राखण्यापेक्षाही योजना टिकण्याचा प्रश्न मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल न करणारे आढळले. त्यात नवल नाही. नांगरटीला ट्रॅक्टर आला, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली, शेतापर्यंत मोटारसायकल पोचली. शिवाय त्याच गावात दुकानदार, शिक्षक आणि चालकही राहतात. पण आक्षेपात तथ्य आहेच. सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकलेल्या बाईला आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या हालचालीचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ऐकवणे म्हणजे थट्टाच. तिला हवी आहे कंबरेची काळजी आणि विश्रांती. गल्ल्यावर बसून राहणाऱ्याला हवे आहे चालणे. कुणाला काय हवे हा फरक जिल्ह्याच्या कार्यालयात बसून करता येत नाही.

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगू शकतो की गुडघे दुखणाऱ्याने काय टाळावे, रक्तदाब असलेल्याने सुरुवात किती बेताने करावी. पण चिखली-खामगाव रस्त्यावर पहाटे वाहने कशी धावतात, बल्लाळदेवीच्या टेकडीवर कोणत्या वेळी सोबत मिळते, कुठली पाणंद पावसाळ्यात चिखलाने बंद होते, हे गावालाच ठाऊक. ऐन सोंगणीत सकाळी सहाचा योगवर्ग ठेवला तर शिक्षक एकटाच आसने करील. तोच वर्ग बचत गटाच्या बैठकीला जोडला, तर निदान बाया आधीच जमलेल्या असतील.

सामान्य माणसाला यातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी जामखेड आठवावे. तिथे 1970 पासून आरोळे दांपत्याने गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या अनेकींनी शाळाही पाहिली नव्हती. मात्र लोकसहभागाचे गोडवे गाताना पुरावा लपवू नये. केरळात मधुमेहाचा धोका असलेल्या हजारभर लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींचे गट करून त्या गटांतल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन पुढे केले. चालण्याचे गट, योग, परसबाग असे उपक्रम निघाले. 2018 साली निष्कर्ष आले. दोन वर्षांत या गटांतल्या 14.9 टक्के लोकांना मधुमेह झाला, इतरांत 17.1 टक्के, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. म्हणजे लोकांना सामील करून घेतले की रोग हटतो, असे म्हणता येणार नाही. तरीही जे मुळात आलेच नाहीत त्यांच्यावर कुठल्याही व्यायामाचा परिणाम मोजता येत नाही, आणि माणसे येतात की नाही हे बरेचसे वेळ, जागा आणि सोबत यांवर ठरते. ही तिन्ही गावाच्या हातात आहेत.

खरी अडचण वेगळीच आहे. गाव म्हणजे कोण? बैठक बोलावली की पुढच्या खुर्च्यांवरचे चौघे बोलतात आणि तेच गावाचे मत ठरते. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावर न उरकता चालण्याच्या वाटेचा, तिथल्या दिव्यांचा, वर्गाच्या वेळेचा ठराव तिथूनच यावा. शेतमजुरांच्या वस्तीत आशाताईंनी संध्याकाळी वेगळे बसावे. मग तो ठराव ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात खर्चासकट घालावा, आणि यंत्रे घ्यायचीच ठरली तर त्यांना तेल कोण घालणार, तुटलेला नट कोण बदलणार, हेही त्याच पानावर लिहून घ्यावे.