कोणाचं तोंड किती येणार?

हैदराबादच्या नारायणगुड्यात रक्त तपासायला लांब जावं लागत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन ही सरकारी संस्था इथेच, तिची रक्तपेढी इथेच, आणि हिमायतनगरकडे निघालं की खासगी लॅबच्या पाट्या सुरू होतात. माझ्या मामेभावाचं जिभेचं ऑपरेशन झालं, पुढे रेडिएशन ठरलं, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "भाऊजी, एवढ्या तपासण्या करतात, मग ह्यांना लाईट सोसेल की नाही हे सांगणारी एखादी नाही का?"

प्रश्न साधा होता. जगभरचे संशोधक तोच विचारत आहेत, हे मला नंतर कळलं.

आधी मास्क होतो. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात. काही मिनिटांत ती नाकाडोळ्यांचा आकार घेऊन कडक होते. ती घालूनच सीटी स्कॅन. मग डॉक्टर स्क्रीनवर एकेका कापावर लाळग्रंथी, मज्जारज्जू, जबडा रेखाटत बसतात आणि फिजिसिस्ट किरणांची आखणी करतो. त्यानंतर सोमवार ते शुक्रवार, रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), अशा 30 बैठका. मास्क टेबलाला अडकवताना टेक्निशियन रोज बजावायचा, "हिलना नक्को, अंकल." प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचेच, आणि ते दुखत नाहीत.

दुखणं मागून येतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होतं, मग पांढरे चट्टे. आठवड्याला एकदा डॉक्टर टॉर्च मारून तोंड बघतात, वजन घेतात आणि फाइलीत त्रासाची ग्रेड लिहितात. बाहेरच्या बाकावर मात्र हिशेब चुकतो. त्याच जागेचा कॅन्सर, तोच 60 ग्रे. चौथ्या आठवड्यात एकजण मऊ उपमा खातोय आणि शेजारच्याच्या नाकात नळी. भावाला पाणीसुद्धा तिखट लागत होतं. हैदराबादच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

हा फरक रक्तात आधीच दिसावा, ही आशा निराधार नाही. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मिळ आजाराच्या मुलांना नेहमीच्या डोसनेही भयंकर इजा होते. त्यामागचं एटीएम हे जनुक 1995 मध्ये सापडलं. तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीची हाक तेच देतं. मग बाकीच्यांतही या दुरुस्तीत थोडं कमी-जास्त असणारच.

ते मोजायची एक पद्धत मला फार आवडली. रुग्णाचं रक्त काढून बाहेरच त्यावर किरण सोडायचे. डीएनएचे दोन्ही धागे तुटतात तिथे गॅमा-एच2एएक्स या प्रथिनाचे ठिपके चमकतात. काही तासांनी किती ठिपके उरले ते मोजायचं. जास्त उरले तर दुरुस्ती ढिली. मणिपालच्या संशोधकांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर हेच केलं आणि ज्यांच्यात नुकसान जास्त उरलं त्यांना त्रासही जास्त झाल्याचं 2012 मध्ये मांडलं.

त्याच वर्षी ब्रिटनमधून थंड पाणी पडलं. त्रासाशी संबंध असल्याचं आधी छापून आलेले 46 जनुकांतले 92 बदल तिथे 1,613 स्तन व प्रोस्टेट कॅन्सर रुग्णांत पुन्हा तपासले. एकही टिकला नाही. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत काही नवे धागे मिळाले आहेत, पण एकट्या जनुकाचं वजन थोडंच. तंबाखू, दात, आहार, सोबतचं सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, सगळंच त्या तोंडात एकत्र आलेलं असतं. रक्तातलं अमायलेज पहिल्या एक-दोन दिवसांतच वाढतं खरं, पण ते लाळग्रंथीला मार बसल्याचं सांगतं. पुढे तोंड किती येणार, हे नाही.

माझं मत स्पष्ट आहे. रुग्णाच्या वाट्याला आजवर जो दिलासा आला, तो रक्ताच्या नळीपेक्षा फिजिसिस्टच्या आखणीतून जास्त आला. लाळग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटी या नव्या किरण-पद्धतीची ब्रिटनमधली पार्स्पोर्ट चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर तोंड फार कोरडं राहिलेले रुग्ण जुन्या पद्धतीत 74 टक्के होते, नव्या पद्धतीत 38. संशोधन चालू राहायलाच हवं, आणि कुणी अभ्यासासाठी रक्त किंवा लाळ मागितली तर जरूर द्यावी. पण 'तुम्हाला रेडिएशन सोसेल का' हे सांगणारं जनुकांचं पॅकेज कुणी विकायला आलं, तर ते पैसे दूध-अंड्यांवर खर्च करा.

तुमच्या घरी ही वेळ आली तर मास्कच्या आधी दंतवैद्याकडे जा. किडलेले दात तेव्हाच काढून जखम भरू द्या; किरणांनंतर दात काढला तर जबड्याचं हाड कुजू शकतं. तंबाखू त्याच दिवशी बंद. आणि डॉक्टरांना न लाजता विचारा, कानाखालच्या लाळग्रंथींना सरासरी किती ग्रे जाणार? 26 च्या खाली असेल तर लाळ परत येण्याची आशा बरीच असते.