पाण्यातली गोळी

आबांचा हंगामातला वेळ घड्याळावर चालत नसे, आदणांवर, म्हणजे उकळायला घेतलेल्या रसाच्या एकेका घाण्यावर चाले. "तिसरं आदण उतरलं की येतो," असा निरोप आला की आई समजायची, पहाट होणार. माझी बहीण जानेवारीत जन्मली. आबांनी तिचं तोंड पाहिलं ते पाचवीच्या दिवशी, तेही अंगाला काकवीचा वास घेऊनच.

आबा गुळव्या होते. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर त्यांनी चाळीस हंगाम काढले. गुऱ्हाळ एकाचं, ऊस दुसऱ्याचा. पण काहिलीत रस पडला की शब्द गुळव्याचा. त्यांचा शब्दही कमीच. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या जळव्याला ते नुसत्या हातानं सांगत: थोडा दे, थांब, ओढ. एक टन उसाला जेमतेम शंभर किलो गूळ पडतो. पाच मिनिटांच्या हयगयीनं ती सगळी मेहनत करपून जाते. म्हणून असेल, काहिलीजवळ त्यांना कुणी बोललेलं चालत नसे. नातीशिवाय.

रस तापला की मळी वर येते. रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी निघतं. ते ओतलं की मळी एकवटते आणि झाऱ्यानं काढता येते. आंबटपणा मारायला चुन्याची निवळी; ती जास्त झाली की गूळ काळवंडतो. पुढं रस आटतो, फेस काठाला येतो, मग बसतो आणि बुडबुड्यांचा आवाज जड होतो. इथं आबा मान तिरकी करून उभे राहायचे. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, चिमटीत गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण् वाजली की "उतरवा!"

माझी मुलगी सातवीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी तापमापक घेऊन आली. पहिल्या आदणाला आबांनी हाक दिली तेव्हा पारा 118 अंशांवर होता. दुसऱ्याला 117. तिसऱ्याला 118 झाले तरी आबा हलेनात.

"आबा, झालं की!"

"तुझ्या काचंला झालं आसंल. ऊस खारपड रानातला हाय, दोन चटकं जास्त लागत्यात."

तिनं वहीत आकडा लिहिला, 120. शेजारी कंसात 'खारपड'. बक्षीस म्हणून उसाच्या कांडक्यावर गरम गुळाचा गोळा मिळाला. आम्हाला लहानपणी तो न मागता कधी मिळाला नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

आबांचं एकच दुखणं होतं. बाजाराला गूळ पिवळाधमक लागतो, त्यासाठी रसात हायड्रॉस पावडर टाकतात. मालकानं सांगितलं की आबाही टाकत, पण तोंड फिरवून. घरचा गुळाचा रवा मात्र बिनपावडरचा, तांबूस. शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेल्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेचा त्यांना अभिमान होता. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली. ऐकून म्हणाले, "गूळ येवढा नावाजलाय, तर त्येला पावडर लावायची गरज काय?" मला उत्तर सुचलं नाही.

ते गेले मार्चमध्ये, ऐन हंगामात. निरोप आला तेव्हा धाकटा भाऊ गुऱ्हाळावर होता आणि काहिलीत पाक आला होता. चढलेला पाक कुणासाठी थांबत नाही. त्यानं गोळी वळली, काठावर मारली, काहील उतरवून घेतली आणि मग घरी आला. त्याच्या चिमटीला पाक चिकटलेला होता. उशीर केला म्हणून त्याला कुणीही बोललं नाही.

आता वाण्याकडं गूळ घ्यायला जाल तेव्हा एक करा: पिवळा बाजूला सारून तांबूस मागा. गिऱ्हाईक मागत नाही तोवर गुळव्याचं काही चालत नाही.