यशवंतीला पाऊस लागला तर?

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. 1670 साली कोंढाण्याचा कडा चढताना त्यांनी यशवंती घोरपडीला दोर बांधला, ही गोष्ट पोवाड्यांनी घरोघरी पोहोचवली. प्राणिशास्त्राला ती मानवत नाही. घोरपडीची नखं कपारीत घट्ट रुततात हे खरं, पण अवघ्या काही किलो वजनाचा हा प्राणी दोराला लोंबकळणाऱ्या साठ-सत्तर किलोंच्या माणसाला पेलेल, हे पटत नाही. तरीही उद्या कुणी या मुलखावर साहसी अद्भुतरम्य व्हिडिओ गेम बनवला, तर यशवंती त्यात हवीच. मात्र तिला शेवाळलेल्या कातळावर चढता येता कामा नये.

अशा गेममध्ये वास्तव किती असावं, हा वाद खेळणाऱ्यांमध्ये कायम रंगतो आणि बहुतेकदा चित्रापाशी अडकतो: केस किती खरे, घाम किती खरा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. त्यात देव आहेत, असुर आहेत, आणि कथेचा काही भाग चक्क सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितला आहे. राजी भिंतीवरून धावते तेव्हा कुणी हरकत घेत नाही, कारण भिंतीवरून कसं आणि कुठवर धावता येतं हे गेमने आधीच दाखवलेलं असतं. अद्भुत एकदा मान्य केलं की खेळणारा फक्त एवढंच बघतो, की ठरलेला नियम पाळला जातोय ना.

भौतिकशास्त्रही गेममध्ये जसंच्या तसं येत नाही, आणि येऊही नये. जागच्या जागी अर्धा मीटर उडी मारणारा माणूस जेमतेम पाऊण सेकंदही हवेत नसतो. गेममधला नायक तीन मीटर उडतो. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तसंच ठेवलं, तर तो दीड सेकंदाहून जास्त वेळ तरंगत राहील आणि हातातला कंट्रोलर सुस्त वाटू लागेल. तीच उडी 0.8 सेकंदात आटपायची, तर गुरुत्वाकर्षण जवळपास चौपट करावं लागतं. 2018 चा ‘सेलेस्ट’ हा तर डोंगर चढण्याचाच गेम. त्यात पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते. डोळ्यांनी कडा संपलेला पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत वेळ जातोच, तेवढी सवलत खेळणाऱ्याला मिळते. निसर्गनियम मोडला जातो, पण उडी न्याय्य वाटते.

परिणामांच्या बाबतीत मात्र अशी ढिलाई चालत नाही. निन्टेन्डोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (2017) जवळजवळ कुठलाही कडा चढता येतो, पण दम संपतो. पाऊस आला की हात निसटतात, वीज कडाडली की अंगावरचं लोखंड तिला ओढून घेतं. राक्षसांनी भरलेलं ते जग खरं वाटतं ते या पावसामुळे.

आता रायगडाचा कडा घ्या. महाडहून गडाकडे जाताना डोंगरांच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याच्या या खुणा. प्रत्येक थराचा मधला भाग टणक, तो उभा तुटतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तो लवकर झिजतो आणि त्यावर माती धरून गवत उगवतं. त्यामुळे सह्याद्रीचा कडा म्हणजे सलग भिंत नव्हे: कातळ, मग गवताची अरुंद पट्टी, मग पुन्हा कातळ. दम मोजून चढायच्या गेममध्ये विसाव्याच्या जागा निसर्गानेच आखून ठेवल्या आहेत. त्यांचीही एक मेख आहे. वैशाखात वाळलेल्या गवतावरून पाय घसरतो, आषाढात त्याच पट्टीवरची माती पायाखालून निघते. इथे आल्प्समधल्यासारखे टोकदार सुळके आणून बसवले, तर चित्र कितीही देखणं असो, महाडच्या पोराला ते पहिल्याच नजरेत खोटं वाटेल.

रायगडाचा हाच कडा रात्री उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीच्या कथेत हे सगळं भान आहे. दरवाजे मावळतीला बंद होतात, खाली तान्हं बाळ भुकेलं आहे, आणि रात्र कोजागरीची म्हणून कड्यावर उजेड आहे. तिचं उतरणं अचाट, पण भोवतीची प्रत्येक गोष्ट हिशेबात बसणारी. चांगल्या गेमलेखकालाही याहून नेटकी रचना सुचणार नाही.

तो हिशेब पुढे नदीपर्यंत न्यावा. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. वर मुसळधार पाऊस असताना बाणकोटच्या खाडीतून भरती चढत आली, की पाण्याला पुढे वाट उरत नाही आणि ते गावात शिरतं. जुलै 2021 मध्ये शिरलेलं पाणी महाडकर विसरलेले नाहीत. गेममध्ये नदीला जलदेवता खुशाल असू दे, पण तिचं पाणी पाऊस आणि तिथी या दोघांच्या हुकमाने चढलं पाहिजे. एकाच चंद्राकडून दोन्ही कामं करून घेता येतील: पौर्णिमेचं चांदणं हिरकणीच्या कड्यावर पडलं, तर त्याच रात्री खाडीला उधाण यायला हवं, आणि सकाळी महाडच्या धक्क्यावर होडी लावणाऱ्या खेळाडूला पाण्याची पातळी बदललेली दिसायला हवी.