पत्र्याची आगगाडी आणि संग्रहाची ओढ

मुंबईत असूनही ज्या गावात रेल्वेचा रूळ नाही, अशा गावांपैकी मनोरी हे एक होय. मालाड स्टेशनवर उतरावे, बसने मार्वे गाठावे आणि फेरीबोटीने खाडी ओलांडावी, तेव्हा मनोरीचा किनारा लागतो. दुसरा रस्ता भाईंदरहून उत्तनमार्गे, पण तो लांबचा. शेजारच्या गोराईला ८ फेब्रुवारी २००९ रोजी ग्लोबल विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून आपले अनेक बांधव मुलाबाळांसह या बाजूला येऊ लागले. इथल्या मुलाला मात्र आगगाडी पाहायची तर आधी पाणी ओलांडावे लागते.

जे सहजी दिसत नाही त्याचे वेड जास्त. काड्यापेट्या दोऱ्यात ओवून केलेली गाडी, तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून आणि बाटलीची बुचे चाकांना लावून केलेले इंजिन, हे खेळ कष्टकरी वस्त्यांतल्या कितीतरी मुलांनी खेळलेले आहेत. मूल मोठे होते, खेळ सुटतो. काहींचा मात्र सुटत नाही. चाळिशी-पन्नाशी उलटली तरी जुन्या पत्र्याच्या आगगाड्या शोधत चोरबाजारात फिरणारी माणसे जगभर आहेत. हे वेड कशाचे? आणि त्यातून आपण काही घ्यावे काय?

पत्र्याचे खेळणे कसे बनते

लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा देतात, म्हणजे तो लवकर गंजत नाही. त्या सपाट पत्र्यावरच खिडक्या, दारे, डब्याचा क्रमांक असे सारे रंगीत छापून घेतात. मग साच्याखाली तो कापतात व वाकवतात. कडेला ठेवलेल्या लहान जिभा समोरच्या खाचेत घालून मुडपल्या की डबा तयार. पोटात चावीची स्प्रिंग. चावी दिली की गाडी गोल रुळावर धावते.

या धंद्याचे मोठे घर जर्मनी. तिथल्या ग्यॉपिंगन गावातील मेर्क्लिन कंपनीची सुरुवात १८५९ ची. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत या कंपनीने ठरावीक मापाच्या रुळांची गाडी मांडली. माप ठरल्यामुळे आज इंजिन घ्यावे, पुढल्या वर्षी दोन डबे, नंतर स्टेशन, सिग्नल, पूल, असे वाढवत नेता येऊ लागले. कंपनीने एक खेळणे विकले नाही, एक अपुरेपण विकले! घरी आणलेली प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूची मागणी करू लागली. संग्रहाच्या ओढीचे मूळ येथे आहे.

इंग्लंडात हेच काम फ्रँक हॉर्नबी यांनी केले. हे गृहस्थ लिव्हरपूलमधील एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारे साधे कारकून होते. आपल्या मुलांसाठी त्यांनी पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या कापून जोडखेळ केला आणि १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. तोच पुढे मेकॅनो म्हणून प्रसिद्ध झाला. १९२० साली हॉर्नबीच्या आगगाड्या बाजारात आल्या. पुढे प्लॅस्टिक आले, पत्र्याचे दिवस गेले आणि १९७९ साली लिव्हरपूलचा तो कारखाना बंद पडला.

या खेळण्यांच्या इतिहासात अन्यायही आहे. ट्रिक्स गाड्यांचा धंदा उभारणारे न्यूरेंबर्गचे श्टेफान बिंग ज्यू होते. नाझी राजवटीत आपला धंदा सोडून त्यांना १९३८ साली इंग्लंडला जावे लागले. जन्मावरून माणसाला हाकलणे ही गोष्ट आपल्याला नव्याने सांगायला नको.

ओढ कशाची?

संग्राहकाची रीत पाहण्यासारखी असते. तो चकचकीत नवा रंग दिलेली गाडी घेत नाही. जुना, उडालेला, पण मूळचा रंग असेल तर तो खूश. खेळण्याबरोबर मूळचे पुठ्ठ्याचे खोके मिळाले तर किंमत आणखी वाढते. जे खोके आईने त्याच दिवशी रद्दीत टाकले, त्याला आज भाव!

शत्रूही पुष्कळ. खाऱ्या हवेत मुलामा खरवडला गेला की गंज धरतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही गाड्यांची चाके जस्ताच्या मिश्रधातूची आहेत. त्या ओतकामात शिसे मिसळले असेल, तर वर्षे गेल्यावर चाक आतूनच भेगाळते आणि चुरा होते. त्याला औषध नाही. माताभगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते आणि पत्र्याच्या कडा धारदार असतात. अशी वस्तू कपाटात शोभते, रांगत्या बाळाच्या तोंडात नव्हे.

असे वेड सत्कारणी लागल्याची उदाहरणेही आहेत. जपानमध्ये १९४५ च्या युद्धानंतर कच्चा माल नव्हता, तेव्हा टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यातून कारागिरांनी खेळण्यातल्या जीपगाड्या केल्या. राखेतून उठणाऱ्या देशाची ती कमाई होती. अशी पत्र्याची खेळणी जमवणाऱ्या तेरुहिसा किताहारा यांनी १९८६ साली योकोहामाला त्यांचे संग्रहालय उघडले. आपल्या पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्यभर छोट्या आगगाड्यांचा ध्यास घेतला आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला त्यांचे संग्रहालय सुरू केले. त्यांच्या गाड्या पत्र्याच्या जमान्यानंतरच्या, पण ओढ तीच. कपाटात कुलूपबंद राहिली असती तर ती एकट्याची हौस ठरली असती. लोकांपुढे मांडल्यामुळे ती हजारो मुलांची शाळा झाली.

मातीची गाडी आणि सोन्याची गाडी

खेळण्यातल्या गाडीवर आपल्या देशात एक अख्खे नाटक उभे आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नावाचा अर्थच मातीची गाडी. शेजारच्या श्रीमंत मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा रोहसेन रडतो. आपली मातीची गाडी त्याला नकोशी होते. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घालते आणि सोन्याची गाडी करून घे म्हणते. पुढे मरणाच्या दारातून तिला वाचवणारा बौद्ध भिक्खू आहे, हेही आपण विसरू नये.

आपल्यापैकी कित्येकांचे बालपण रोहसेनाचे. म्हणून हातात चार पैसे आले की मन म्हणते, तेव्हा मिळाले नाही ते आता घेऊ. ही ओढ खोटी नाही. तिला हसू नये.

परमपूज्य बाबासाहेबांनीही आगगाडीची ओढ लहानपणी अनुभवली. १९०१ साली ते, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली. त्यांच्यापैकी कोणी तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, केवढा आनंद! मसूर स्टेशनात गाडीतून उतरेपर्यंत तो टिकला. मुले महारांची आहेत असे कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही बसवून घेईनात. शेवटी गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, या अटीवर गाडी मिळाली. जवळ जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला, तो १९९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. आगगाडीत बसायचा आनंद जातीने हिरावला गेलेल्या त्या मुलाने पुढे साऱ्या देशाचा रस्ता बदलला.

तथागतांचा दाखला

तथागतांनी राध नावाच्या भिक्खूला एक दाखला दिला आहे. मुले मातीची घरे करून खेळतात. त्या घरांवर जीव आहे तोवर ती त्यांना जपतात, माझे माझे म्हणतात. जीव उडाला की हातापायांनी तीच घरे विस्कटून टाकतात. घरे बदललेली नसतात, बदललेली असते ती तृष्णा. संग्राहकाने हा दाखला भिंतीवर लावावा. वस्तू आपण धरली आहे की वस्तूने आपल्याला धरले आहे, हे रोज तपासावे.

तपासायचे कसे? सिगालोवाद सुत्तात गृहस्थासाठी हिशेब सांगितला आहे. मिळकतीचे चार भाग करावे. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, एक अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. हौस पहिल्या भागातून पुरवावी. मुलीची फी, आईचे औषध आणि अडचणीचा भाग यांना हात लागला, की ती हौस राहिली नाही, ते व्यसन झाले. मग ते दारूचे असो की पत्र्याच्या गाडीचे.

आपण काय जमवावे?

बाबासाहेब स्वतः केवढे मोठे संग्राहक! परदेशातून जमवलेली त्यांची ग्रंथसंपदा १९१७ साली बोट पाणतीराने बुडाल्यामुळे समुद्रात गेली. त्यांनी पुन्हा एकेक ग्रंथ जमवला आणि दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. पण त्या ग्रंथांतून संविधान आले, धम्म आला. संग्रहाचे मोल तो किती आहे यावर नसते, त्यातून काय निघाले यावर असते.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू जतन केल्या. वसंत मून यांनी विखुरलेले लेखन गोळा करून संपादित केले आणि १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले. तेही वेडच होते! असे वेडे नसते तर आज आपल्या हाती काय उरले असते?

पत्र्याच्या एका जुन्या इंजिनासाठी लोक वर्षानुवर्षे बाजार पालथा घालतात. आपल्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत मात्र ‘प्रबुद्ध भारत’चा जुना अंक, १९५६ च्या दीक्षेचा फोटो, आजोबांचे समता सैनिक दलाचे ओळखपत्र, भीमगीतांची हस्तलिखित वही वाळवीच्या तोंडी असते. दिवाणखान्याला रंग काढताना ती रद्दीत जाते. त्यांचा दुसरा साचा कोणत्याही कारखान्यात नाही.

तेव्हा ज्यांना आगगाड्या जमवायच्या आहेत त्यांनी खुशाल जमवाव्यात, आपल्या ऐपतीत जमवाव्यात आणि विहारात मुलांसमोर चावी देऊन चालवून दाखवाव्यात. पण या पौर्णिमेला प्रत्येक घराने आपली ट्रंक एकदा उघडावी. कागद उन्हात न ठेवता सावलीत वारा लागेल असे पसरावेत. फोटोमागे नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहावे. म्हातारी माणसे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. खर्च एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा आहे.

जयभीम!