वर्गणी, देणगी आणि खंडणी : मागणीच्या भाषेचा विचार

सार्वजनिक कार्यासाठी पैसा मागताना होणारी दिशाभूल नेहमी असत्य विधानांनीच होते असे नाही. पुष्कळदा प्रत्येक विधान खरे असते. फसवितो तो शब्द. गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथे उत्सवकाळी फिरणाऱ्या पावतीपुस्तकांच्या आधारे हे दाखविता येईल.

'वर्गणी', 'देणगी' आणि 'खंडणी' हे तिन्ही शब्द पैसा देण्याचेच वाचक आहेत. परंतु रक्कम कोणी ठरवावयाची, या प्रश्नापाशी ते वेगळे होतात. वर्गणी सभासद आपसांत ठरवितात. देणगी देणारा ठरवितो. खंडणी म्हणजे पूर्वी ठरावाने द्यावयाचा कर. आज मात्र ती घेणाराच ठरवितो.

गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. चाळीच्या उत्सवात देणारा, मागणारा व हिशेब विचारणारा ही सामान्यतः एकाच जिन्यावरची माणसे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने एकेक पैसा मागितला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. दोन्हीकडे उद्देश देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या व परळ-लालबागच्या अनेक चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. देणारा व मागणारा परस्परांस अपरिचित झाले. शब्द मात्र 'वर्गणी' हाच राहिला. जेथे सभासदत्व नाही, सभा नाही, तेथे हा शब्द वापरला की नकार हा केवळ पैशाचा नकार राहत नाही; तो आपलेपणाचा नकार ठरतो. छोट्या दुकानदाराची अडचण नेमकी हीच असते.

पावतीची वाक्यरचनाही या कामी साहाय्य करते. 'साभार पोचले' या प्रयोगात घेणारा अध्याहृत राहतो. 'बद्दल' या शब्दयोगी अव्ययापूर्वीची जागा कोरी असते. 'उत्सव व समाजकार्य' यातील 'व' दोन उद्देश जोडतो, परंतु त्यांचे प्रमाण झाकतो. आणि माथ्यावर 'ऐच्छिक' असे छापूनही आकडा आधीच लिहिलेला असेल, तर विशेषण देणगीचे आणि क्रिया खंडणीची, असा प्रकार होतो.

नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी जमविण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी, अशी तरतूद सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या १९५० च्या अधिनियमात, कलम ४१ क मध्ये आहे. परवानगीने मागणारा कोण हे कळते. मागणीचे स्वरूप मात्र देणाऱ्यालाच ओळखावे लागते. त्यासाठी तीन प्रश्न पुरेत : रक्कम कोणी ठरविली? 'बद्दल'च्या आधी काय लिहिले आहे? हिशेब कोठे पाहावयास मिळेल? प्रामाणिक मंडळास या प्रश्नांचे भय नसते. उलट, ते विचारले न गेल्याने त्याच्याही पावतीकडे लोक संशयाने पाहू लागतात, आणि एका चांगल्या शब्दाचा अर्थ हळूहळू बिघडतो.