गुडघ्यात ‘टक्’ झालं, आता काय?

डिसेंबर लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर दोन गोष्टी हमखास सुरू होतात. सबमिशनची रडारड आणि गुलमर्गचं प्लॅनिंग. बर्फ फक्त सिनेमात बघितलेली आपली पोरं हल्ली थेट स्नोबोर्ड भाड्याने घेऊन उतारावर उभी राहतात. रील्स भारी येतात. पण काही जण परत येतात ते पायाला क्रेप बँडेज गुंडाळून, आणि त्याचं रील कोणी टाकत नाही.

आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण गेल्या फेब्रुवारीत अशीच परतली. नाव छापायचं नाही, अशी तिची अट आहे. सांगली जिल्ह्यातली, पुण्यात होस्टेलला राहणारी, कॉलेजच्या खो-खो टीममधली. हे खो-खोचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी स्नोबोर्डचं गणित. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन वेगळ्या स्की असतात आणि जोरात पडलं तर बूट स्कीमधून सुटतो. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, आणि ते आपोआप सुटत नाहीत. ऐकायला भयंकर वाटतं, पण दोन्ही पाय एकत्र फिरत असल्यामुळे एकट्या गुडघ्याला पीळ बसण्याचं प्रमाण उलट कमी असतं. नवशिक्या स्नोबोर्डरचं मोडतं ते बहुतेकदा मनगट, कारण पडताना आपण हात टेकतो. गुडघ्याला खरा धोका दोन वेळा असतो. एक, उडी मारून सपाट जागेवर आदळताना. दुसरा, लिफ्टवर चढता-उतरताना. तेव्हा मागचा पाय मोकळा करून एकाच पायाने फळी सरकवत जावं लागतं. फळी एकीकडे वळते, शरीर दुसरीकडे, आणि मधे सापडतो गुडघा.

तिचं हेच झालं. लिफ्टवरून उतरताना डावा पाय फळीत, उजवा मोकळा, आणि गुडघ्यात ‘टक्’. पाच मिनिटांनी ती उठून चाललीसुद्धा. संध्याकाळी हॉटेलवर मात्र गुडघा टम्म फुगला.

‘टक्’ आवाज आणि पुढच्या काही तासांत आलेली सूज ही जोडी एसीएलकडे बोट दाखवते. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधून ठेवणारं लिगामेंट. सरळ चालायला त्याचं फार काम पडत नाही. धावता धावता एकदम वळायचं, थांबायचं, उडी मारून टेकायचं, तिथे ते लागतं. म्हणूनच एसीएल फाटलेला माणूस चार दिवसांनी बऱ्यापैकी चालतो आणि घरचे म्हणतात, बघ, काही झालं नव्हतं!

आता पहिल्या रात्री काय करायचं? बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावायचा, पाय उंचावर ठेवायचा, क्रेप बँडेज बांधायचं. गरम शेक आणि तेलाचं मालिश पहिले दोन-तीन दिवस नकोच, त्याने सूज वाढते. फ्रॅक्चर असेल का, हे ठरवायला जगभरचे डॉक्टर ओटावा नियम वापरतात. आपल्या वयाच्या मुलांसाठी तो थोडक्यात असा: चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, किंवा वाटीवर अथवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा.

काही गोष्टींत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. पाऊल गार पडलं, बधिर झालं, गुडघा जागेवरून सरकल्यासारखा वाकडा दिसला, तर तसंच हॉस्पिटल. गुलमर्गहून श्रीनगर साधारण ५० किलोमीटर आहे. तिथे बर्झुल्ला भागात हाडांचं सरकारी हॉस्पिटलच आहे, बोन अँड जॉइंट. गुडघा अडकून बसला, सरळच होईना, तर आतली गादी फाटून मधे अडकलेली असू शकते, तेही लवकर दाखवायचं. आणि परतीच्या लांब प्रवासानंतर पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपून जाऊ नका. ती रक्ताची गुठळी असू शकते.

यातलं काहीच नसेल तर घाई नाही. बाकी सगळं लेखात विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. फाटलेला एसीएल ही इमर्जन्सी नाही.

पण हे घरी कोण ऐकणार? ती परतल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. मामांचं म्हणणं, गावाकडे हाडवैद्य आहे, एका झटक्यात बसवतो. (ताज्या, सुजलेल्या गुडघ्याला कोणाकडूनही झटका देऊन घेऊ नका, प्लीज.) आईचं म्हणणं, परीक्षा जवळ आली, आता काही नको. एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये एसीएल पूर्ण फाटल्याचं आलं, गाद्या शाबूत. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पुढच्याच आठवड्याची ऑपरेशनची तारीख दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी गुडघा हातात घेतला, थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली. त्याला लॅकमन टेस्ट म्हणतात. मग विचारलं, खेळायचंय का? आणि तीन महिने फिजिओथेरपी करून या म्हणाले.

दोन डॉक्टर, दोन उत्तरं. तिने मला रात्री साडेबाराला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, वैतागली होती. मला यातलं काय कळणार? म्हणून वाचायला बसले.

स्वीडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एसीएल फाटलेले १२१ तरुण, वय १८ ते ३५. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन आणि नंतर व्यायाम. उरलेल्या ५९ जणांना आधी फक्त व्यायाम, गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दुखणं, हालचाल, खेळणं याबाबत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या २३ जणांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांपर्यंत हा आकडा ३० झाला. म्हणजे साधारण निम्म्यांचं ऑपरेशनशिवाय भागलं आणि निम्म्यांचं नाही. आपण कोणत्या निम्म्यात, हे पहिल्या आठवड्यात एमआरआय सांगू शकत नाही. ते गुडघाच सांगतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

अर्थात ‘थांबा’ म्हणजे ‘विसरा’ नाही. गुडघा वारंवार सटकत असेल तर दर वेळी आतल्या गादीला मार बसतो, आणि फाटलेली गादी पुढे जाऊन गुडघा झिजवते. गादीही सोबत फाटली असेल, दुसरी लिगामेंट्स गेली असतील, तर गणित वेगळं. ऑपरेशन ठरलंच असलं तरी आधी सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ होणारा आणि मांडी भरलेली असेल तर नंतर बरं जातं. त्यामुळे ते सुरुवातीचे व्यायाम कुठल्याही वाटेवर फुकट जात नाहीत. पुढच्याच आठवड्यातली तारीख मला म्हणूनच पटली नव्हती.

तिने फिजिओ निवडली. होस्टेलच्या रूममध्ये टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबत, पुढे खुर्चीवरून एका पायावर उठत. परीक्षेचा अभ्यास त्याच खुर्चीवर. मार्चअखेर ती आरामात चालत होती. ऑफिस, बाइक, अधूनमधून राजगड एवढंच आयुष्य असतं तर कदाचित तिथेच निभावलं असतं. पण खो-खो म्हणजे दर दोन सेकंदांनी दिशा बदलणं, पाठलाग करत सूर मारणं. एप्रिलमध्ये जिना उतरताना गुडघा सटकला. आठवड्याभरात मैदानावर साध्या वळणावर पुन्हा. मग तिने वाट बघणं थांबवलं, त्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली आणि परीक्षा संपल्यावर जूनमध्ये ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याचं नवं लिगामेंट बसवलं.

जाण्याआधी तिने वहीत प्रश्न लिहून नेले होते. हे मला फार आवडलं. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? कंडरा कुठून घेणार? वर्षाला अशी किती करता? फिजिओ किती महिने, आणि तिचा खर्च या पॅकेजमध्ये आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असतं, आणि महिनोन्‌महिने चालणारा तो खर्च घरच्यांनी धरलेलाच नसतो.

इन्शुरन्सचंही सांगते, कारण ट्रिपला जाताना एकही जण पॉलिसी उघडून बघत नाही. साहसी खेळातली दुखापत कव्हरच होत नाही, असा सरसकट समज आहे. आरोग्य विम्यातल्या प्रमाणित अटीचे शब्द बघा. तिथे साहसी खेळात ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेतला असेल तर खर्च नाकारला जातो. सुट्टीत हौसेने गेलेला विद्यार्थी व्यावसायिक नसतो. ट्रॅव्हल आणि अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या नीट वाचाव्या लागतात. वेटिंग पिरियडची अटही अपघाताला सहसा लागत नाही. म्हणून पहिल्या डॉक्टरच्या कागदावर तारीख, ठिकाण आणि कसं पडलो हे लिहून घ्यायचं. तिच्याकडे तो कागद होता. तिच्या बाबांच्या पॉलिसीतून ऑपरेशनचे पैसे मिळाले, फिजिओचे खिशातून गेले.

आता सहावा महिना चालू आहे. ती सरळ रेषेत पळते, वळायची परवानगी नाही. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचं लिगामेंट पुन्हा फाटण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलंय, त्यामुळे फिजिओ ऐकत नाही. एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या उडीच्या जवळपास पोचायला हवी, ती अजून कमी पडते. यंदाची टीम तिच्याशिवाय निवडली गेली. संध्याकाळी ती मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन बसते आणि ज्युनिअर मुली एकेरी साखळीत पळताना खांबाजवळ चुकल्या की जागेवरूनच ओरडते.