मुठेकाठची जुनी ड्रेनेज लाइन

ड्रेनेज लाइन तळाशी झिजत असेल, असं बहुतेकांना वाटतं. काँक्रीटची लाइन सडते ती बहुधा वरून. मैलापाणी संथ वाहिलं, तळाशी गाळ साचला, की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. चेंबरपाशी सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच. पाण्याच्या वर, पाइपाच्या ओलसर छतावर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंट खात राहतं. साइट इंजिनिअर म्हणून काम करताना एका जुन्या पाइपाचं छत मी हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज बद्द आला. काँक्रीट भिजलेल्या खडूसारखं हातात सुटलं, मागे गंजलेली सळई. पाण्याखालचा तळ मात्र शाबूत!

मैलापाणी उताराने वाहतं आणि शहराचा सखल भाग म्हणजे नदीकाठ. म्हणून पुण्यात मुख्य लाइनी मुळा-मुठेच्या काठाने गेल्या. पूर आला की नदी चेंबरमधून लाइनीत शिरते. लाइन तुंबली की मैला नदीत.

अशी लाइन बदलताना खरी अडचण वाहत्या मैल्याची, कारण शहर काही नळ बंद करत नाही. वरच्या चेंबरमध्ये रबरी प्लग फुगवून प्रवाह अडवायचा, पंपाने उचलून पुढच्या चेंबरमध्ये सोडायचा आणि मधला तुकडा बदलायचा. सकाळी लोंढा मोठा असतो, म्हणून जोडणी रात्री उशिरा. खड्ड्यात नदीचं पाणी झिरपत असतं, तेही उपसत राहायचं. एवढं करून उतार चुकला, तर पुन्हा गाळ आणि पुन्हा तोच वायू.

जानेवारी २०१६ मध्ये पुण्याच्या नदीसुधारणेसाठी जपानच्या ‘जायका’ या सहकार्य संस्थेशी कर्जकरार झाला. ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. केंद्रं हवीतच. पण मैला तिथवर पोचवणारी लाइन फुटकी असेल, तर ती क्षमता कागदावरच राहते. माझ्या मते जुन्या लाइनींची आतून कॅमेऱ्याने तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी, त्या खचायची वाट न पाहता.

दुरुस्तीसाठी माणूस आत उतरतो तेव्हा धोका त्याच हायड्रोजन सल्फाइडचा. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि उतरलेल्या माणसाला वाटतं, हवा चांगली झाली. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. माझ्या साइटवर झाकणं आधी उघडून ठेवतात, ब्लोअर लावतात, मग वायू मोजणारा मीटर दोरीने तळापर्यंत सोडतात. आकडा मी स्वतः वाचते. ठेकेदाराला कितीही घाई असली तरी त्याआधी कुणी शिडीवर पाय ठेवत नाही.